शिखांच्या लग्नाला जायचंय? मग सकाळीच जा!

लग्नसराई सुरू झाली की टीपॉयवर पत्रिकांचा ढीग साठतो. कुठली नणंदेच्या दिराकडची, कुठली ह्यांच्या ऑफिसातल्या साहेबांकडची. त्या ढिगातून कधीतरी एखादी वेगळी पत्रिका निघते. वर गणपती नाही, ‘कुलस्वामिनी प्रसन्न’ नाही, तर सोनेरी अक्षरात ‘इक ओंकार’चं चिन्ह. मुलाच्या नावापुढे सिंग, मुलीच्या नावापुढे कौर. आणि कार्यक्रम तरी किती! लेडीज संगीत, चूडा, बारात, मिलनी, आनंद कारज, लंगर, डोली, आणि रात्री रिसेप्शन. मुहूर्त मात्र कुठेच छापलेला नाही. ‘दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी’ वाचायची सवय झालेल्या आपल्याला प्रश्न पडतो, नेमकं पोचायचं तरी कधी?

आमच्या माजिवड्यात असे प्रश्न हल्ली वरचेवर पडतात. एकीकडे जुनं गावठाण, आगरी-कोळ्यांची घरं, दुसरीकडे हायवेलगत उभे राहिलेले टॉवर. एकेका मजल्यावर चार राज्यांची माणसं. नाशिककडून, घोडबंदरकडून येणारा सगळा ट्रक-टेम्पो आमच्याच नाक्यावरून जातो, त्यामुळे ट्रान्सपोर्टच्या धंद्यातली शीख कुटुंबंही इथे आहेत. मी महिला मंडळाचं आणि बचत गटाचं काम करते, म्हणून बायका मलाच फोन करतात. ‘ताई, नारळ न्यायचा का? ओटी भरायची का? साडी चालते ना? नॉनव्हेज असतं का हो?’ आणि एक प्रश्न दबक्या आवाजात येतो, ‘ताई, माझे मिस्टर नाहीत. मी गेलं तर चालेल ना?’

या शेवटच्या प्रश्नाकडे मी येणारच आहे. आधी वेळेचं सांगते.

आपल्यापैकी बहुतेक जणी रात्रीच्या रिसेप्शनला जातात. लखलखाट असतो, डीजे असतो, पनीर टिक्का असतो. पाकीट द्यायचं, फोटो काढायचा, जेवायचं, परत. पण ते लग्न नव्हे! लग्न सकाळी झालेलं असतं, गुरुद्वाऱ्यात, गुरू ग्रंथसाहिबांसमोर. बहुतेक ठिकाणी दुपारच्या आत सगळं आटोपतं. आमच्या शेजारच्या भाभी आपल्या मुलीची पत्रिका द्यायला आल्या तेव्हा चहा पिता पिता म्हणाल्या, ‘दीदी, रात को तो सब आते हैं. सुबह लावां पे कोई नहीं आता.’ माणूस तक्रार करतं तेव्हा आवाज चढतो, त्यांचा उलट खाली गेला. मिस्टर चार वर्षांपूर्वी आजारपणात गेलेले, दीर-जाऊ सगळे लुधियानाला, माहेरही तिकडेच. इकडे मुलीकडची म्हणून उभी राहणारी माणसं मोजकीच. बारात येणार पन्नास-साठ जणांची आणि मुलीच्या बाजूला सतरंजी रिकामी, ही त्यांची काळजी होती. मी मंडळातल्या अकरा जणींना घेऊन सकाळी जायचं ठरवलं. या लेखातलं बरंचसं त्या सकाळचं आणि त्याआधी भाभींच्या स्वयंपाकघरात बसून विचारून घेतलेलं आहे.

मुहूर्त का नसतो, हे त्यांनीच सांगितलं. शिखांच्या आचारसंहितेत, म्हणजे शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ मध्ये मान्य केलेल्या ‘रहत मर्यादे’त, लग्नासाठी पंचांग-पत्रिका बघू नये असंच म्हटलंय. कुंडली नाही, गुण नाहीत, मंगळ नाही. बघतात ते एवढंच, की रविवार आहे का आणि हॉल मिळतोय का. मला तर हे ऐकून आमच्या मंडळातल्या दोन मुली आठवल्या, केवळ मंगळापायी तिशी ओलांडलेल्या. त्याच मर्यादेत जात बघू नये असंही आहे. प्रत्यक्षात पेपरातल्या जाहिराती बघाल तर तिथेही जाट-खत्री-रामगढिया चालतंच! म्हणजे नियम चांगला असला तरी माणसं इथून तिथून सारखीच.

आदल्या दिवशीच्या कार्यक्रमांना बोलावलं तर जरूर जा, कारण तिथे आपल्याला अगदी घरच्यासारखं वाटतं. ‘वटणा’ म्हणजे आपली हळदच. बेसन, हळद, तेल कालवून मुलीला लावायची. ‘चूडा’ म्हणजे लाल आणि हस्तिदंती रंगाच्या बांगड्यांचा संच. आपल्याकडे कासार बोलावून हिरवा चुडा भरतात, तिथे तो मामा आणतो आणि तोच घालतो. मामाचा मान दोन्हीकडे सारखा. आपला मामा मुलीला बोहल्यावर आणतो, त्यांचा चूडा चढवतो. बांगड्या आधी दुधात बुडवतात. चुड्याला खाली सोनेरी झुंबरासारखे ‘कलीरे’ बांधतात आणि नवरी ते मैत्रिणींच्या डोक्यावर हलवते. जिच्या अंगावर एखादा तुकडा पडेल तिचं लग्न पुढचं. आमच्या दोन कॉलेजकन्या मुद्दाम लांब उभ्या होत्या!

रात्रीच्या ‘जागो’मध्ये मामाकडच्या बायका दिवे लावलेली घागर डोक्यावर घेऊन नाचतात. ढोलकीवर गाणी म्हणतात, त्यात सासरच्यांना, विहिणीला यथेच्छ टोमणे. भाषा कळली नाही तरी चेहऱ्यावरून कळतं. आमच्या गावठाणातल्या एक आजी खुशीत आल्या. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवळे म्हणते, तिच्या गाण्यावाचून विधी पुढे सरकत नाहीत. आजींनी तिथेच दोन धवळे म्हणून दाखवले, आणि भाभींच्या लुधियानाच्या आत्याबाई टाळ्या वाजवत राहिल्या.

आता कपड्यांचं. साडी अगदी चालते. नऊवारीही चालते. फक्त गुरुद्वाऱ्यात शिरण्यापासून बाहेर पडेपर्यंत डोकं झाकलेलं हवं, बाईचंही आणि पुरुषाचंही. इथे आपली अडचण होते. पैठणीचा, कांजीवरमचा पदर डोक्यावर टिकत नाही, दर दोन मिनिटांनी घसरतो आणि सगळं लक्ष त्यातच जातं. सोबत एक सुती किंवा जॉर्जेटची ओढणी ठेवा. नाहीतर पदराला आणि केसांना मिळून दोन पिना मारा. पुरुषांसाठी दारात टोपलीत रुमाल ठेवलेले असतात, पण मोठा हातरुमाल घरूनच नेलेला बरा. आपली गांधी टोपी किंवा फेटा चालतो का, हे आमच्या एका काकांनी विचारून घेतलं. डोकं झाकल्याशी कारण, म्हणाले. क्रिकेटची टोपी मात्र घालू नये. लग्नघरी दारात एक जण पाहुण्यांना गुलाबी पगडी बांधून देत असतो. बांधून घ्या, त्यांना फार आनंद होतो. मात्र बांधल्यावर ती काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवू नका. पगडी हा त्यांच्या दृष्टीने नुसता पोशाख नाही. ब्लाऊज फार खोल गळ्याचा नको, कारण खाली वाकून नमस्कार करायचा आहे आणि तासभर मांडी घालून बसायचं आहे.

चपला बाहेर जोडाघरात द्यायच्या, टोकन मिळतं. कधी कधी चपला घेणारा माणूस शहरातला मोठा व्यापारी असतो. ती सेवा असते, त्याला टिप देऊ नका. मग हात धुवायचे, पायरीजवळच्या उथळ पाण्यातून पाय ओले करून आत जायचं.

आणि हो, एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण कोणी लिहीत नाही. तंबाखू! शीख धर्मात तंबाखूला सक्त मनाई आहे आणि गुरुद्वाऱ्यात ती खिशातसुद्धा नको. पुरुषांना गुटख्याची पुडी, सिगारेटचं पाकीट बाहेर ठेवायला सांगणं सोपं. पण आपल्याकडच्या मोठ्या बायकांच्या कमरेला मिश्रीची डबी असते, त्याचं काय? आमच्या बरोबरच्या एका मावशींच्या चंचीत पान-सुपारीसोबत तंबाखू होतीच. ती घरीच ठेवून या म्हटल्यावर त्या आधी जरा घुश्शात होत्या. दुपारपर्यंत निभावलं त्यांनी. घरी गेल्यावर पहिलं काम काय केलं असेल ते सांगायला नको.

बारात आली की दारात ‘मिलनी’ होते. ही बघण्यासारखी असते, म्हणून उशीर करू नका. आधी ग्रंथीजी छोटीशी अरदास करतात. मग दोन्हीकडची समान नात्याची माणसं पुढे येतात. आजोबांना आजोबा, वडिलांना वडील, मामांना मामा, काकांना काका. गळ्यात हार घालायचे, मिठी मारायची, शाल नाहीतर ब्लँकेट द्यायचं. जरा तगडे असले तर एकमेकांना उचलूनही घेतात. आपल्याकडे व्याही-भेट होते तीच ही, फक्त जास्त उत्साहात. भाभींकडे मामा आले होते, पण काका कोण? लुधियानाच्या दिरांना ऐनवेळी येता आलं नव्हतं. पुकारा झाला ‘चाचाजी’, आणि भाभींनी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. सोळा वर्षं एका मजल्यावर राहतोय आम्ही. हे पाच फूट चार इंच, गुलाबी पगडी कपाळावर आलेली, आणि समोरचे चाचाजी सहा फुटांवर! त्यांनी ह्यांना अलगद उचललं आणि बारातीत एकच हशा पिकला. ती शाल आमच्या कपाटात आहे.

नंतर चहा-नाश्ता. समोसे, पकोडे, बर्फी, सगळं असतं, पण पोटात जागा ठेवा. नवऱ्या मुलाला मेव्हण्या दारात रिबीन बांधून अडवतात, पैशावरून घासाघीस होते. जोडे लपवण्याचा प्रकार आपल्यासारखाच.

दरबार हॉलमध्ये शिरल्यावर समोर चांदव्याखाली, रुमाल्यांनी सजवलेल्या आसनावर गुरू ग्रंथसाहिब असतात. ‘असतो’ नाही, ‘असतात’. शीख माणूस ग्रंथाला ग्रंथ समजत नाही, गुरू समजतो. दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ मध्ये देह ठेवण्याआधी यापुढे ग्रंथच गुरू असं सांगितलं, आणि ते कुठे? आपल्या नांदेडला, गोदावरीकाठी! तिथलं हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. ठाण्या-कल्याणहून तपोवन किंवा देवगिरीने जाता येतं, पण आपल्यापैकी किती जणी गेल्यात?

समोर जाऊन गुडघे टेकून डोकं जमिनीला लावायचं, जमेल ते पैसे समोरच्या पेटीत टाकायचे. पाच-दहा रुपये टाकले तरी कोणी बघत नाही. हळद-कुंकू, हार, नारळ, उदबत्ती काही न्यायचं नाही. मग पाठ न दाखवता बाजूला सरकायचं आणि सतरंजीवर बसायचं. बहुतेक ठिकाणी बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. पाय ग्रंथसाहिबांच्या दिशेने लांब करायचे नाहीत, एवढं कटाक्षाने पाळा. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी मागे भिंतीशी बसावं, उठायला आधार मिळतो.

बसल्या बसल्या कंटाळा येईल अशी भीती आमच्या काही जणींना होती. पेटी-तबल्यावर रागी कीर्तन गात होते. मी हळूच सांगितलं, समोरच्या त्या ग्रंथात आपले नामदेव आहेत. पटेना कोणाला! संत नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पंढरीचा हा शिंपी पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी कितीतरी वर्षं राहिला, म्हणून तर २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं होतं. म्हणजे भाभींच्या मुलीचं लग्न ज्यांच्या साक्षीने लागणार होतं त्यात एक आपल्याकडचा माणूसही बसलेला होता. एवढं ऐकल्यावर वारीला जाणाऱ्या आमच्या मोठ्या वहिनींनी पुन्हा उठून एकदा डोकं टेकलं.

नवरा मुलगा आधी येऊन समोर बसतो, मग मुलीला आणतात, ती त्याच्या डाव्या बाजूला बसते. आता येते ‘पल्ले दी रसम’. मुलाच्या खांद्यावर एक लांब कापड असतं, पल्ला. त्याचं टोक मुलीचे वडील मुलीच्या हातात देतात. नंतरच्या सगळ्या फेऱ्या ती हे टोक धरूनच घेते. आपल्या कन्यादानाच्या जागी हेच आहे म्हणा, फक्त दानाचा संकल्प नाही, पाणी सोडणं नाही.

भाभींच्या घरी यावरूनच आठवडाभर खल चालला होता. वडील नाहीत, तर पल्ला कोण देणार? लुधियानाच्या आत्याबाईंचं म्हणणं मामाने द्यावा. मामा तयार होते. भाभी स्वतः काहीच बोलत नव्हत्या. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मुलीला एकटीने वाढवलेली, शिकवलेली, कर्ज काढून लग्न उभं केलेली आई खांबाआड उभी असते आणि कन्यादानाला दीर-जाऊ बसतात. अक्षतासुद्धा ती लांबून टाकते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तो मग सरकारनेही इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. पण ठराव वेगळा आणि मांडव वेगळा! मांडवात अजून बाईच बाईला मागे हो म्हणते.

पंजाबी घरांत हे नसतं असं मुळीच नाही. वटण्याला पहिली बोटं सुवासिनीची लागावीत, हे मी आदल्या दिवशी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. भाभी तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. पण लग्नाचं तसं नव्हतं. मुलीनेच सांगितलं, पल्ला मम्मी देणार. ग्रंथीजींना विचारलं तर त्यांना प्रश्नच कळेना! मर्यादेत वडील किंवा घरातलं मुख्य माणूस असं आहे, म्हणाले, मग घरातलं मुख्य माणूस कोण आहे?

भाभी उठल्या. फिकट बदामी रंगाचा सलवार-सूट, डोक्यावर ओढणी. मुलाच्या खांद्यावरचा पल्ला उचलला, टोक मुलीच्या तळव्यात ठेवून तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली, आणि ती जरा वेळ तशीच धरून ठेवली. रागी गात होते. माझ्या शेजारी आमच्या मंडळातली एक जण बसली होती, तीच, जिने मला फोनवर दबक्या आवाजात विचारलं होतं. ती मला काही बोलली नाही, मीही तिच्याकडे बघितलं नाही.

मग ‘लावां’. चौथे गुरू रामदास यांनी रचलेली ही चार पदं, म्हणून फेरे चारच. सप्तपदीतल्या सातची सवय असल्याने आमच्यातली एक जण चौथ्यानंतरही मोजत होती. पद्धत अशी, की ग्रंथीजी एक पद वाचतात, दोघं बसून ऐकतात. नंतर रागी तेच पद गातात, आणि गाणं चालू असेपर्यंत दोघं ग्रंथसाहिबांना प्रदक्षिणा घालतात. मुलगा पुढे, मुलगी मागे. अग्नी नाही. मुलीचे भाऊ प्रदक्षिणेच्या वाटेवर उभे राहतात, तिला हात देत एकाकडून दुसऱ्याकडे पोचवतात. आपल्याकडे लाजाहोमाला भाऊ लाह्या देतो आणि जावयाचा कान पिळतो, तसं हे भावाचं काम. नवरीचा तो जड घोळ आणि ओढणी सांभाळायची तर चार भाऊ लागतातच!

पदांचा अर्थ मी आधी विचारून ठेवला होता. पहिल्यात आपापलं कर्तव्य आणि नामस्मरण, दुसऱ्यात गुरूची भेट होऊन भीती आणि अहंकार जाणं, तिसऱ्यात ओढ आणि संतांची संगत, चौथ्यात मन शांत होऊन देवाशी एकरूप होणं. नवरा-बायकोच्या संसाराबद्दल थेट असं काही नाही. सगळं जिवाचं आणि देवाचं. संसारातल्या सूचना त्याआधी ग्रंथीजी बोलून देतात, त्या दोघांनाही असतात. आमच्याकडे मुलाने सासू-सासऱ्यांना मान द्यावा हेही सांगितलं. आपल्याकडे सगळे उपदेश मुलीला! टाळ्या वाजवायच्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, आणि अक्षता तर आणायच्याच नाहीत. फोटो काढताना उभं राहून कोणाच्या समोर येऊ नका, फोन बंद ठेवा.

शेवटी ‘आनंद साहिब’ची काही पदं गातात, सगळे उभे राहून हात जोडून अरदास होते, मग ग्रंथ उघडून त्या दिवसाचा हुकमनामा वाचतात. तोवर कडाह प्रसादाचा वास आलेला असतो. कणीक, साखर, तूप, तिन्ही सारख्या मापाने. आपल्या सत्यनारायणाच्या सव्वापट शिऱ्याचंच हे भावंड, केळं आणि रवा सोडून. दोन्ही हातांची ओंजळ करून बसूनच घ्यायचा. एका हाताने घेऊ नका आणि नाही म्हणू नका. डायबिटीस असेल तर ‘थोडासा’ म्हणा, देतात तेवढाच. हाताला तूप लागतं, पेपर नॅपकिन जवळ असू द्या. रेशमी साडीला पुसण्याचा मोह होतो!

मग खाली लंगर. पंगतीत जमिनीवर बसायचं, कोणी मालक नाही, कोणी ड्रायव्हर नाही. डाळ, भाजी, दही, खीर आणि रोटी. जेवण शाकाहारीच. रोटी ताटात टाकत नाहीत, दोन्ही हात पुढे करून घ्यायची. हवं तेवढंच घ्या, पुन्हा वाढायला येतात, टाकलेलं आवडत नाही. वाढायला मदत केली तर चालते का, असं आम्ही विचारलं. चालते काय, बादल्याच हातात दिल्या! आमच्या सहा जणींनी दोन पंगती वाढल्या. आपल्याला आग्रह करून वाढायची सवय, त्यामुळे एका सरदारजींच्या ताटात चार चमचे खीर जास्त गेली. मटण-चिकन, दारू वगैरे जे काही असेल ते रात्री हॉलवर, आणि तेही प्रत्येक घरी असतं असं नाही. अमृतधारी कुटुंब असेल तर नाहीच. रात्रीच्या पार्टीत ग्लास किणकिणायला लागले तर बिचकू नका, जेवण वाढलेलं असतं ते घ्या आणि वेळेत रिक्षा पकडा.

आहेराचं विचाराल तर पाकीट सर्वात सोपं. त्याला ते ‘शगुन’ म्हणतात. १०१, ५०१, ११०१, वरचा रुपया आपल्यासारखाच महत्त्वाचा. ओटी भरायची पद्धत तिथे नाही, पण मुलीला साडी-चोळी द्यावीशी वाटली तर नंतर घरी द्या. आमच्याकडून खण-नारळ गेला, भाभींच्या सासूबाईंनी नारळ डोक्याला लावून देव्हाऱ्याजवळ ठेवला. भेटल्यावर ‘सत श्री अकाल’ म्हणा, एवढं पुरतं.

आणि बारा वाजल्याचे विनोद घरी ठेवून या. आपल्याकडच्या पुरुषांना ही खोड फार आहे. समोरचा हसतो, कारण तो यजमान असतो. भाभींच्या मुलाला शाळेत याच विनोदांनी रडवलं होतं, हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं.

हल्ली एक बदल झालाय, तो माहीत असू द्या. समुद्रकिनारी, रिसॉर्टवर ग्रंथसाहिब नेऊन आनंद कारज करायची फॅशन आली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमृतसरच्या अकाल तख्तावरच्या बैठकीत त्याला मनाई झाली. पाठोपाठ डिसेंबर २०२३ मध्ये नांदेडच्या तख्ताने नवरीने जड लेहंग्याऐवजी सलवार-कमीज आणि ओढणी घालावी, डोक्यावर फुलांची चादर धरून तिला आणू नये, पत्रिकेत सिंग-कौर ही नावं छापावीत असं सांगितलं. नवरीने काय घालावं हे पुरुषांच्या बैठकीत का ठरावं, असा माझा आपला प्रश्न आहे. पण वीस किलोच्या लेहंग्यात वाकता न येणाऱ्या मुलीही मी पाहिल्यात, तेव्हा यावर दोन मतं असू शकतात. आपली एखादी मराठी मुलगी शीख घरात द्यायची असेल तर आणखी एक गोष्ट. रहत मर्यादेनुसार आनंद कारज शीख वधू-वरांचाच होतो. काही ठिकाणी समजून घेतात, काही ठिकाणी नाही. पत्रिका छापायच्या आधी गुरुद्वाऱ्यात जाऊन विचारा, हॉल बुक झाल्यावर नको.

डोलीच्या वेळी मुलगी घराबाहेर पडताना ओंजळीने मागे लाह्या टाकते, आई पदर पसरून झेलते. आपल्या पाठवणीत जे होतं तेच तिथे होतं. रुमाल घेऊन जा.

एक काम मात्र मी दुसऱ्या आठवड्यात मागे लागून करून घेतलं. लग्नाची नोंदणी! आनंद विवाह कायदा १९०९ चा, २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन त्यात नोंदणीची सोय झाली, तरी कित्येक राज्यांनी नियमच केले नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना चार महिन्यांची मुदत दिली. आपल्याकडे १९९८ च्या महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या लग्नाची नोंद महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात होते. बचत गटात नवऱ्यामागे पेन्शनसाठी, खोलीसाठी खेटे घालणाऱ्या बायका मी बघते. लग्नाचा फोटो असतो, कागद नसतो. भाभींनाही मिस्टर गेल्यावर ट्रकची कागदपत्रं नावावर करताना हेच भोगावं लागलं होतं. फॉर्मवर लग्न लावणाऱ्याची सही लागते, म्हणजे इथे ग्रंथीजींची, ती लग्नाच्याच दिवशी घेऊन ठेवा, नंतर सापडत नाहीत. लग्नपत्रिका, लग्नाचा एक फोटो, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, आणि तीन साक्षीदार. साक्षीदार लग्नाला हजर असलेले हवेत. रात्री रिसेप्शनला आलेल्यांचा इथे उपयोग नाही. आमच्याकडे एक मामा होते, दुसरे हे, आणि तिसरी मी. मामांची लुधियानाची गाडी संध्याकाळची होती, म्हणून सकाळी साडेदहालाच जाऊन रांगेत उभे राहिलो.